ब्रुकारोस एका दिवसात होतो का?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याचं जोडपं, दोघंही चाळिशीतले, दहा-बारा वर्षं सह्याद्रीत फिरलेले. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय, अलंग-मदन-कुलंग केलंय. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नामिबियात भाड्याची गाडी स्वतः चालवत फिरणार आहेत. फिश रिव्हर कॅन्यन बघून उत्तरेला येताना कीटमन्सहूप या शहरात दोन रात्री मुक्काम आहे आणि मधल्या दिवशी ब्रुकारोस हा डोंगर करायचा विचार आहे. त्यांचं म्हणणं, "पायथ्यापासून चढाई जेमतेम सहाशे मीटर दिसते. वाटाड्या लागेल का? पाणी किती न्यावं? आणि एकच डोंगर करायचा तर ब्रुकारोसपेक्षा ब्रांडबर्ग बरा का?"

मी पंचवीसेक वर्षं सह्याद्रीत ट्रेक नेतोय आणि ब्रुकारोसवर तीनदा गेलोय. त्या अनुभवावरून सांगतो.

डोंगर तुम्हाला जमेल. पायांना तर नक्कीच जमेल. पण कीटमन्सहूपला राहून एका दिवसात पूर्ण डोंगर करून अंधाराआधी परत येणं जमणार नाही, आणि अंधारात त्या रस्त्यांवर गाडी चालवायची नाही. का, ते वेळेच्या हिशेबात येईलच.

आधी ब्रांडबर्गचं सांगून टाकतो. त्याचा माथा, कोनिगस्टाइन, २५७३ मीटर, नामिबियात सर्वांत उंच. पायथा त्याच्या खूप खाली आहे, वाट अशी नाहीच, मोठमोठ्या धोंड्यांवरून चढत राहायचं. माहीतगार माणूस सोबत घेऊन साधारण तीन दिवस लागतात. एका दिवसात तिथे फक्त त्सिसाब घळीतून 'व्हाइट लेडी' या चित्रापर्यंत जाऊन येता येतं, तेही तिथला वाटाड्या घेऊनच. चित्र बघण्यासारखंच आहे, पण त्याला डोंगर चढणं म्हणत नाहीत. श्पित्सकोप्पे या तिथल्या दुसऱ्या डोंगराच्या मुख्य सुळक्याला दोर आणि प्रस्तरारोहणाचा सराव लागतो. त्यामुळे एका दिवसात, दोराशिवाय, खऱ्या अर्थाने एकट्या पडलेल्या डोंगरावर चढून यायचं तर ब्रुकारोसची निवड योग्य आहे. तुमच्या वाटेवरही तोच आहे.

त्सेस गावाकडून बेरसेबा गावाच्या कच्च्या रस्त्याला लागलात की तो समोर दिसायला लागतो. सगळीकडे सपाट, खडीचं, करड्या-तपकिरी रंगाचं माळरान, आणि मधेच माथा कापून टाकल्यासारखा एकटा डोंगर. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर, माळापासून सहाशे-साडेसहाशे मीटर वर. लांबून वाटतं ज्वालामुखीच. आपल्याकडची माणसं लगेच लोणार म्हणतात. तो उल्कापाताचा खड्डाही नाही आणि लाव्हा ओकणारा नेहमीसारखा ज्वालामुखीही नाही. सुमारे साडेसात-आठ कोटी वर्षांपूर्वी खालून शिलारस वर चढला, वरचे गाळाचे थर फुगून घुमटासारखे उचलले गेले, आणि तो रस भूजलाला भिडला तेव्हा वाफेचे प्रचंड स्फोट झाले. मधला भाग खचून वाटी तयार झाली, त्या वाटीत पाणी आणि गाळ साठला. खालून झिरपणाऱ्या गरम पाण्याने तो गाळ दगडापेक्षा टणक केला. पुढे आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि ही टणक वाटी तेवढी उभी राहिली. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे हा डोंगर त्याहून जुना. हे सगळं मुद्दाम सांगतोय, कारण चढताना पायाखाली काय येणार ते यावरूनच कळतं. आपल्या कातळासारखे टप्पे आणि कडे इथे नाहीत. तिरप्या फरश्या, त्यांवर सुटी खडी, आणि मधेमधे स्फटिकाच्या शिरा. नळीच्या वाटेने गेलेल्या माणसाला घसारा नवा नाही, पण तो इथे उतरताना जास्त त्रास देतो. गोल खडी टणक फरशीवर पसरलेली असते, त्यावर बुटाला धरायला काही सापडत नाही.

वाट अशी आहे. वाटीच्या दक्षिणेकडच्या कड्यात एक खिंडार आहे. पाऊस पडला तर आतलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. पायथ्याशी पूर्वी गावकऱ्यांनी चालवलेली तळ ठोकायची जागा होती. तिथल्या सोयींवर विसंबू नका, नळ असेल, संडास असेल असं धरून जाऊ नका. गाडी तिथेच खाली ठेवा. वर आणखी दोनेक किलोमीटर गाडीरस्त्यासारखं काही जातं, पण ते उंच चाकांच्या, चारही चाकांना जोर असलेल्या गाडीलाही कठीण आहे. भाड्याच्या गाडीचा खालचा पत्रा तिथे फाटला तर पुढचे दोन दिवस त्यातच जातील. चालत गेलं तर तो टप्पा पाऊण तासाचा. त्यानंतर खरी पायवाट सुरू होते. ती कोरड्या नाळेच्या वरच्या अंगाने, आडवी मारत, वाटीच्या ओठापर्यंत जाते. ही वाट जुनी आणि बऱ्यापैकी नीट बांधलेली आहे. ती कशासाठी बांधली ते पुढे सांगतो. खाली कोरड्या धबधब्याची फरशी दिसते, तिच्या काठावर मोह आवरा.

ओठावरून आत उतरलं की दोनेक किलोमीटर रुंद वाटीत आपण उभे असतो. इथे थोडं थांबा. बाहेर माळावर वारा सतत वाहत असतो, आत तो एकदम बंद होतो. मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा स्वतःच्या पाठपिशवीच्या पट्ट्यांची करकर ऐकू येत होती. समोरच्या उतारावर कोकरबूम उभे असतात. जाड पिवळसर खोड, साल कागदासारखी सोलटलेली, वर फांद्यांचा गोल डोलारा. झाड म्हणतात, पण आहे ते कोरफडीच्या कुळातलं. तिथले मूळचे शिकारी सान लोक याची फांदी पोखरून बाणांचा भाता करत, त्यावरूनच त्याचं नाव पडलं. सालीला जपून हात लावा, सोलटलेल्या पापुद्र्यांच्या कडा धारदार असतात. त्यांच्या आसपास निवडुंगासारखा काटेरी, सरळ खांबांचा युफोर्बिया दिसेल. त्याला मात्र हात लावायचा नाही. चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, आणि वाळलेली काटकीही शेकोटीत टाकायची नाही, धूरही विषारी.

वाटीचा तळ ओलांडून पलीकडच्या कड्यावर चढलं की ज्यासाठी ती वाट बांधली ती जागा येते. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने १९२६ ते १९३१ या काळात इथे सूर्याचं मोजमाप केलं. चार्ल्स अ‍ॅबट नावाच्या शास्त्रज्ञाला सूर्याची उष्णता रोज थोडी बदलते का, आणि त्यावरून हवामानाचा अंदाज बांधता येईल का, हे शोधायचं होतं. त्यासाठी ढग, धूळ आणि दमटपणा नसलेलं आकाश हवं होतं. कॅलिफोर्निया आणि चिलीमध्ये केंद्रं होती, आशिया-आफ्रिकेच्या बाजूला आणखी एक हवं होतं. अ‍ॅबट अल्जीरिया, इजिप्त, बलुचिस्तान असं हिंडून शेवटी या डोंगराशी आले. नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीने पैसा दिला. उपकरणाचं तापमान हलू नये म्हणून ते डोंगरात खोदलेल्या बोगद्यात ठेवलं होतं. बाहेर फिरता आरसा सूर्याचा किरण आत पाठवी, आत लोलक तो किरण फोडी, आणि एक अतिशय नाजूक तापमापक त्या रंगपट्टीची उष्णता तुकड्या-तुकड्याने नोंदवी. रोज सकाळी सूर्य वेगवेगळ्या उंचीवर असताना हे पुन्हा पुन्हा करायचं, म्हणजे मधल्या हवेने किती शोषून घेतलं ते वजा करता येतं. अ‍ॅबट यांना जे मोठे चढउतार दिसतात असं वाटत होतं ते खरे नव्हते. पुढे उपग्रहांनी दाखवलं की सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात फरक पडतो तो हजारात एखादा. पण वातावरणाबाहेर एका चौरस मीटरवर सूर्याची किती उष्णता पडते, याचा त्यांचा आकडा आजच्या सुमारे १३६१ वॉटच्या अगदी जवळचा होता. १९३१ मध्ये हे केंद्र बंद झालं आणि काम सिनाईतल्या सेंट कॅथरीन पर्वतावर गेलं.

तिथे आता काय आहे? दगडी भिंतींचे अवशेष, गंजलेलं लोखंड, आणि चारही बाजूंना क्षितिजापर्यंत रिकामं माळरान. मी दर वेळी तिथे अर्धा तास बसतो. दोन-तीन माणसं वर्षानुवर्षं या कड्यावर राहून रोज सकाळी सूर्याकडे बघत होती, त्यांचं पाणी आणि पीठ याच वाटेने येत होतं. गडावरच्या टाक्यापाशी किंवा पडक्या वाड्याच्या जोत्यावर बसलं की मनात जे येतं, तेच इथे येतं. तिथला एकही दगड हलवू नका, गंजका खिळाही खिशात घालू नका. नावं कोरण्याबद्दल तुम्हाला सांगायची गरज नाही.

आता वेळेचा हिशेब. सह्याद्रीत आपण सकाळी कधी निघायचं ते आधी ठरवतो. इथे उलटं करा, सूर्यास्तापासून मागे मोजत या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिथे सूर्य साधारण साडेसातला उगवतो आणि सव्वासहा-साडेसहाच्या मधे मावळतो. म्हणजे उजेड जेमतेम अकरा तासांचा. पायथ्यापासून कीटमन्सहूप सुमारे १३० किलोमीटर, त्यातला बराच रस्ता खडीचा, म्हणजे दोन तास धरा. संध्याकाळनंतर रस्त्यावर गाढवं, शेळ्या आणि कुडू येतात. कुडू म्हणजे घोड्याएवढं हरीण, ते थेट काचेवर येतं. त्यामुळे दुपारी चारला गाडी सुरू झालीच पाहिजे. पायथ्यापासून पलीकडच्या कड्यावरच्या अवशेषांपर्यंत साडेतीन ते चार तास, परत यायला तीन, आणि जेवण-विश्रांतीला सव्वा तास. म्हणजे सकाळी पावणेआठला पायथ्याशी चालायला लागावं लागेल, आणि त्यासाठी कीटमन्सहूपहून अंधारात पावणेसहाला निघावं लागेल. तेच तर टाळायचंय.

म्हणून दोन पर्याय. कीटमन्सहूपच्या दोन रात्रींपैकी एक कमी करा, तंबू आणि सगळं पाणी घेऊन आदल्या संध्याकाळी उजेडात पायथ्याशी या, तिथेच झोपा. पहाटे खूप गारठा असतो, पारा शून्याच्या आसपास जाऊ शकतो, तेव्हा पिशव्या चांगल्या हव्यात. सकाळी पूर्ण डोंगर करा. किंवा मुक्काम बदलायचा नसेल तर सव्वासातला, फटफटल्यावर, निघा. साडेनऊला चालायला लागा, सव्वाअकराच्या सुमारास वाटीच्या ओठावर पोचा, आत उतरून तळात फिरा, कोकरबूमच्या सावलीत जेवा आणि साडेबाराला मागे फिरा. अवशेषांपर्यंत जाऊ नका. मला विचाराल तर पहिला पर्याय. पण दुसराही कमी नाही, वाटीचा तळ हाच या डोंगराचा सर्वांत सुंदर भाग आहे. कोणताही घ्या, साडेबारा ही मागे फिरायची वेळ. कड्याचा माथा वीस मिनिटांवर दिसत असला तरी.

या वेळेबद्दल मी इतका हट्टी का, ते सांगतो. दुसऱ्या खेपेला आम्ही सहाजण होतो. सगळे तयारीचे, वर जाताना काहीच अडचण नाही. अवशेषांपाशी आम्ही रेंगाळलो, दीड वाजला. उतरताना वाटीच्या तळात एकाच्या उजव्या बुटाचा तळवा टाचेपासून उघडला आणि पन्नास पावलांत पूर्ण सुटून आला. बूट दिसायला नवाकोरा होता, पण चार वर्षं कपाटात पडून होता. आपल्याकडच्या दमट हवेत आतला फेस आणि गोंद हळूहळू कुजतो आणि कोरड्या उन्हात, तापलेल्या दगडावर एकदम सुटतो. दोरीने बांधला, चिकटपट्टी गुंडाळली. दर दहा मिनिटांनी दोरी खडीवर घासून तुटायची. खाली मोज्यावर रक्त दिसायला लागलं. एका तासाच्या उताराला अडीच तास लागले. गाडीपाशी पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता, आणि वीस-पंचवीस मिनिटांत पूर्ण काळोख. त्या रात्री आम्ही गाड्यांमध्येच बसून काढली. कोणाला काही झालं नाही, कारण गाडीत पाणी आणि पांघरुणं होती. पण सह्याद्रीत असं झालं असतं तर अर्ध्या तासावर धनगराचं घर, वाडी, कोणीतरी भेटलं असतं. इथे वाडी नाही. मोबाइलला रेंज मिळेल याची खात्री नाही. रुग्णालय कीटमन्सहूपला.

म्हणून निघण्याआधी पुण्यातच दोघांचेही बूट घालून पर्वती चार वेळा चढा-उतरा, आणि तळव्याची कड अंगठ्याने ओढून बघा. जुने असतील तर नवे घ्या, पण निदान महिनाभर आधी.

पाणी. चालताना माणशी चार लिटर, त्याहून कमी नाही. शिवाय गाडीत माणशी दहा लिटर वेगळं, ज्याला चालायला निघताना हात लावायचा नाही. ऑगस्टमध्ये दिवसा हवा सुखद असते, वीस अंशांच्या आसपास, म्हणूनच फसायला होतं. घाम येतोच, पण अंगावर दिसत नाही, आल्या आल्या वाळतो. आपल्याकडे शर्ट भिजला की आपण पाणी पितो. इथे शर्ट कोरडा, कपाळावर मिठाची पांढरी कड, आणि दुपारी अचानक डोकं ठणकायला लागतं. घड्याळ लावून दर वीस मिनिटांनी चार घोट प्या. मीठ-साखर घातलेलं लिंबाचं पाणी एका बाटलीत ठेवा. लघवी गडद झाली की थांबा, सावलीत बसा, प्या, आणि तिथून मागे फिरा. वाटीच्या तळात पावसानंतर डबकी दिसतात, पण ऑगस्टमध्ये त्यांचा विचारही करू नका. गडावर टाकं असेल या सवयीने चालणाऱ्यांनी ही गोष्ट दहा वेळा मनाशी घोकावी.

दिशांची एक गोष्ट तुमच्यासारख्या अनुभवी माणसांनाच जास्त चकवते. आपण नकळत सूर्यावरून दिशा धरतो. हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी सूर्य दक्षिणेला असतो, हे अंगात मुरलेलं असतं. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. वाटीच्या आत सगळ्या बाजू सारख्याच दिसतात, त्यामुळे बाहेर पडायचं खिंडार कुठलं याचा गोंधळ होतो. पहिल्या वेळी मी ठामपणे उलट्या बाजूला दहा मिनिटं चाललो होतो. ओठावरून आत उतरताना मागे वळून खिंडाराचा फोटो घ्या, आणि फोनवर वाटेची नोंद चालू ठेवा. दगडांच्या लगोऱ्या दिसतात, पण काही भलत्याच बाजूला नेतात. याचा एक फायदाही आहे. जेवायला बसायचं तर धोंड्याच्या दक्षिणेची बाजू धरा, सावली तिथेच.

प्राण्यांची फार भीती नको. बबून जातीची मोठी माकडं दिसतील, त्यांच्यासमोर खाऊ काढू नका, पिशवी सोडून लांब जाऊ नका. क्लिपस्प्रिंगर नावाचं छोटं हरीण खुरांच्या टोकांवर उभं राहून कड्यावरून तुमच्याकडे बघत असतं. ते दिसलं तर भाग्य समजा. सापांची काळजी मात्र घ्या. पफ अ‍ॅडर हा जाड, संथ विषारी साप आपल्या घोणसाच्या कुळातलाच. पाऊल वाजलं तरी तो हलत नाही, रंग तर हुबेहूब खडीचा. थंडीत कमी दिसतो, पण उन्हं आलेल्या फरशीवर येऊन पडतो. हात टाकण्याआधी बघा, आणि फरशीवरून पलीकडे उडी मारू नका, आधी वर चढून पलीकडे बघा. बूट रात्री बाहेर ठेवलेत तर सकाळी झटकून घाला, विंचू असतात.

वाटाड्या लागेल का? वाट सापडायला लागत नाही. पण बेरसेबात विचारून एखादा स्थानिक माणूस मिळाला तर जरूर घ्या. हे तिथल्या नामा लोकांचं गाव. १८५० मध्ये तिथे जर्मन मिशन सुरू झालं, त्याआधीपासून हा डोंगर त्यांचा आहे. त्यांच्या भाषेत त्याचं नाव गाइत्सी गुबीब. सोबत आला तर चटचट आवाजांच्या त्या भाषेत तो झाडांची नावं सांगेल, आणि दोन लोकांऐवजी तुम्ही तीन असाल. जिथे मदत दूर आहे तिथे तिसरा माणूस फार मोलाचा. एकाचा पाय मुरगळला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि एक खाली जातो. दोघंच असाल तर उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं उपकरण सोबत ठेवा, भाड्याने मिळतं. वाटाड्या नाही मिळाला तरी गावात थांबाच. कोणाला तरी सांगा की आम्ही दोघं डोंगरावर जातोय, ही आमची गाडी, चारपर्यंत खाली येऊ. आफ्रिकान्स बोलणारे भरपूर आहेत, इंग्रजीही चालतं. एखाद्या कागदावर गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहून द्या.

गाडीबद्दल एवढंच. कीटमन्सहूपलाच टाकी पूर्ण भरा. शक्य असेल तर दोन जादा चाकं असलेली गाडी घ्या आणि चाक बदलायची सगळी अवजारं खरंच गाडीत आहेत का ते ताब्यात घेतानाच काढून बघा. खडीवर वेग ऐंशीच्या खाली, वळणावर त्याहून बराच कमी. तिथेही आपल्यासारखं डावीकडूनच चालवतात, त्यामुळे सवयीचा प्रश्न नाही. खडीवर गाडी घसरायला लागली तर ब्रेक दाबायचा नाही, पाय काढून घ्यायचा.

आणि उतरलात की घाई असली तरी सकाळी ज्यांना सांगून गेलात त्या घरापाशी गाडी थांबवा. "बाय्या दांकी, आम्ही आलो खाली," एवढं सांगा. बाय्या दांकी म्हणजे आफ्रिकान्समध्ये खूप आभार. तो माणूस दुपारपासून डोंगराकडे बघत असतो.